दोन गाड्यांतून एक

"वहिनी, गाडी?"

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इकबालभाई परकारांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. लुंगी वर खोचलेली, हातात कोयता, पोटऱ्यांवर खरचटल्याच्या लाल रेघा. त्यांचं घर खाडीकाठी, माझं वरच्या आळीत. एरवी विडी संपायच्या आत माणूस पोचेल एवढंच अंतर. त्या दिवशी आडव्या पडलेल्या सुपाऱ्या तोडत, माडांच्या बुंध्यांवर चढत-उतरत यायला त्यांना अर्धी सकाळ लागली होती.

मी पुढच्या पायरीवर बसले होते. घराची समुद्राकडची कौलं उडून गेली होती आणि आत गादीपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं भिजलं होतं. कुठून सुरुवात करायची ते कळत नव्हतं, म्हणून नुसती बसून राहिले होते.

"आधी माणसाची चौकशी करा, इकबालभाई."

"माणूस समोर दिसतंय ना," ते म्हणाले, आणि मग ओशाळले. "लागलं नाही ना कुठे?"

"नाही. भाभी कशा आहेत?"

"बरी आहे. स्वयंपाकघराची भिंत गेली. पण बरी आहे." थोडं थांबून पुन्हा, "गाडी?"

मी मान न वळवताच हाताने परसाकडे दाखवलं.

परसात गाडीसाठी पत्र्याची शेड होती. पत्रे गावभर कुठे कुठे गेले होते ते देवाला ठाऊक. विहिरीजवळचा उंच माड मुळासकट उपटून गाडीच्या टपावर मधोमध आडवा पडला होता. टप सीटपर्यंत खाली गेला होता. काचांचा चुरा झाला होता, दारं बाहेर फाकली होती. साईच्या रंगाची ती गाडी मोडलेल्या अंड्यासारखी दिसत होती.

इकबालभाई तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मग खाली वाकून त्यांनी बॉनेटखाली हात घातला, चाचपलं, आणि वास घेतला.

"इंजिनाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "माड मागे पडलाय. इंजिन जिवंत आहे."

"तुमची?"

त्यांनी हात लुंगीला पुसला. "खाडी आत आली. सीटच्या वर पाणी होतं. बाहेरून बघाल तर ओरखडा नाही. पण आत सगळं मीठ." आणि माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "कमाल आहे ना? तुमचं धड गेलं, माझं काळीज गेलं."

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. निसर्ग वादळ म्हटलं की लोकांना मोडलेल्या बागा आठवतात, महिनाभर नसलेली वीज आठवते. मला इकबालभाईंचं ते हात पुसणं आठवतं.

गाड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या सावरबंदरात दोन जुन्या फियाट होत्या, दोन्ही पन्नासच्या दशकातल्या, एकाच मॉडेलच्या. एक माझ्या नवऱ्याची, विलास तोडणकरची. दुसरी, बाटलीहिरव्या रंगाची, इकबालभाईंची. बॉनेटचं नाक पुढे आलेलं असायचं म्हणून लोक त्या गाडीला डुक्कर फियाट म्हणत. इकबालभाई तो शब्द तोंडात घेत नसत. "आमची इलेव्हन हंड्रेड," म्हणायचे. विलास मुद्दाम भर बाजारात "इकबाल, तुझं डुक्कर कसं आहे?" असं ओरडायचा आणि इकबालभाई मुद्दाम कानांवर हात ठेवायचे. दोघांच्या मिश्या पिकल्या तरी हा खेळ चालू होता.

इकबालभाई जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी करून परतलेले. विलास तालुक्याच्या कोर्टात टायपिस्ट. मी आरोग्य केंद्रात नर्स. निवृत्त झाले तरी गाव मला सिस्टरच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी दोघे एकाच गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेले असायचे. पुण्याला, मुंबईला जुन्या गाड्यांचे मेळावे भरत, तिथे जोडीने जात. विलासचं जाणंही तसल्याच एका मेळाव्याहून येताना झालं. पुण्याहून परतताना, ताम्हिणी घाटात. मेळाव्याला त्या वर्षी एकच गाडी नेली होती, आमची. इकबालभाई सोबत होते. त्यांनीच विलासला घरी आणलं. "गाडी बाजूला घेतली, सीटवर मागे टेकला, आणि गेला. वहिनी, त्याला काही कळलंसुद्धा नाही." गावानेही मला तेच सांगितलं. पुण्यवान माणूस, त्रास नाही झाला. मी आयुष्यभर लोकांना मरताना पाहिलंय. त्रास न होता जाणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं.

वादळ झालं तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

पुढच्या आठवड्यात काय काय केलं ते मला नीटसं आठवत नाही. आठवतो तो फक्त थकवा. वीज नाही, फोनला रेंज हवी तर टेकडीवर जावं लागे. शाळेत मी ड्रेसिंगला बसत असे. पत्र्याने कापलेले हात, खिळा गेलेले पाय, छपरावरून पडून मोडलेलं मनगट. दुपारी घरी येऊन चिखल उपसायचा. करोनाचे दिवस, त्यामुळे बाहेरून कुणी येऊ शकत नव्हतं. माझा मुलगा निखिल पुण्यात अडकला होता. टेकडीवरून त्याला पहिल्यांदा फोन लागला तेव्हा तो रडला, मी बरी आहे हे ऐकून पुन्हा रडला, आणि मग म्हणाला, "आई, बाबांची गाडी?"

"माड पडलाय तिच्यावर."

पलीकडे त्याने नाक पुसल्याचा आवाज आला.

"दुरुस्त होईल ना गं? इकबालकाकांना विचार ना."

"विचारते," मी म्हटलं, आणि फोन ठेवून टेकडीवर तशीच उभी राहिले. खाली सगळा गाव निळ्या ताडपत्र्यांनी झाकलेला दिसत होता. बागा होत्या तिथे नुसत्या काड्या पसरल्यासारखं.

इकबालभाईंना विचारावं लागलं नाही. तेच आले, दोन तरण्या कोळ्यांना आणि करवतीला घेऊन. माड कापून बाजूला केला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, माझी बॉडी, तुमचं इंजिन. दोन्ही मिळून एक गाडी उभी राहील. वायरिंगही तुमचंच घेऊ, माझं खाऱ्या पाण्याने गेलंय."

"आत्ता?"

"आत्ताच. मीठ थांबत नाही. महिना गेला तर माझ्या पत्र्याला भोकं पडतील."

"आणि मग ती गाडी कुणाची?"

"तुमची."

"भलतंच काय! तुमची बॉडी, तुमची मेहनत. तुम्हीच ठेवा."

"विलासची गाडी आहे ती. तुमच्या दारात उभी राहील." इकबालभाई सहसा आवाज चढवत नाहीत. तेव्हा चढला. "मी एवढं करणार. नाही म्हणू नका."

मला नाही म्हणायचं होतं. पण माझ्या नवऱ्याच्या मित्राला, ज्याच्या घरात अजून गुडघाभर चिखल होता, "मला ती गाडी नको" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? सगळ्यांना वाटे, ती गाडी म्हणजे विलास. निखिल तिच्या बॉनेटवर हात ठेवायचा तो बापाच्या खांद्यावर ठेवल्यासारखा. मी आठवड्याला तिच्यावरची धूळ पुसत असे आणि लोक म्हणत, बघा, सिस्टरनी कशी जपलीय. मी मान डोलावली.

तीन सुरूंचे ओंडके एकत्र बांधून त्यांनी माझ्या परसात तिकाटणं उभं केलं. त्याला बोटवाल्यांची साखळीची कप्पी टांगली आणि इंजिन बाहेर काढलं. ते मासळीच्या हातगाडीवर घालून खाडीकाठी नेलं. रस्त्याने जाताना लोक बघत होते. एकजण छपरावर बसून ताडपत्री बांधत होता. तो वरून म्हणाला, "इकबालशेठ, आमच्या पत्र्यांचं बघा की जरा. गाडीचं काय घेऊन बसलात!"

इकबालभाईंनी वर बघितलंही नाही. माझी मान मात्र खाली गेली.

त्यानंतर रोज दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागले. हाताखाली कुणीतरी लागतं आणि मला नट-बोल्ट कळत नसले तरी धुता-पुसता येतं. गोड्या पाण्याच्या बादल्या ओतून आम्ही त्या हिरव्या गाडीतलं मीठ धुतलं. सीटचा काथ्या काढून उन्हात टाकला, तर पाऊस आला. पुन्हा आत घेतला, पुन्हा बाहेर टाकला. इकबालभाई फारसं बोलत नसत. "तो पाना द्या." "इथे धरा." "जरा मागे व्हा." एवढंच. पूर्वी गाडीखालून त्यांचा आणि विलासचा हसण्याचा आवाज यायचा, तो आठवायचा.

एका दुपारी माझ्या इंजिनावरचा डायनामो त्यांनी सोडवला. बोल्ट काढला आणि तो डायनामो मांडीवर घेऊन ते बसून राहिले. मला वाटलं, काही बिघाड सापडला.

"खराब झालाय का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही, वहिनी. तुम्ही चहा घेऊन या. भाभीने ठेवलाय."

जुबेदाभाभी अंगणात होत्या. स्वयंपाकघराची भिंत पूर्ण ढासळली होती. आतली फडताळं उघडी पडून रस्त्यावरून दिसत होती. त्यांनी अंगणात ताडपत्रीचं टोक पेरूला बांधून खाली तीन दगडांची चूल मांडली होती. लाकडं ओली. धुराने त्यांचे डोळे सुजले होते. चहाचा कप माझ्या हातात देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"शुभदाताई, तुम्ही त्याला सांगा, बस कर म्हणून."

"मी सांगितलं होतं, भाभी. ऐकत नाहीत."

"तुम्ही नीट सांगितलं नाहीत." त्या फुंकणीने चूल फुंकू लागल्या. मग तोंड तसंच चुलीकडे ठेवून म्हणाल्या, "गवंडी दोनदा येऊन गेला. म्हणाला, चिरे आणून द्या, भिंत उभी करतो. ह्याला वेळ नाही. मी म्हटलं, इकबाल, मी पावसात भाकरी भाजते, तुला दिसते का? म्हणतो, हे एकदा होऊ दे. हे एकदा होऊ दे! तीन वर्षं झाली, धड झोपत नाही हा माणूस."

"तीन वर्षं?"

भाभींनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, पण पदराने डोळे पुसून उठल्या. "धूर फार होतो," म्हणाल्या, आणि सरपण आणायला मागे गेल्या.

मी तो चहा तिथेच उभी राहून प्यायले. मला वाटलं, मैत्रीचं दुःख असतं कुणाकुणाला बायकोच्या दुःखापेक्षा मोठं. असेल. मी तेवढ्यावरच सोडलं. खरं सांगायचं तर कुणाच्या झोपेचा विचार करायला माझ्यात त्राण नव्हतं.

गाडी जोडून झाली ती दुपार स्वच्छ होती. झाडंच राहिली नसल्यामुळे खाडीवरचा उजेड सरळ अंगणात येत होता, डोळ्यांना टोचणारा. पेट्रोल पंप बंद होता, म्हणून माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल नळीने काढून गाडीत घातलं. बॅटरी एका बोटीवरची आणली. भाभी शेजारी पाणी भरायला गेल्या होत्या. अंगणात आम्ही दोघंच.

"तुम्ही आत बसा," इकबालभाई म्हणाले. "सांगितलं की तो चोक ओढायचा. मी पुढून हँडल मारतो."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीटचा काथ्या अजून ओलसर होता. पुढच्या काचेतून मला त्यांचं टक्कल आणि खांदे दिसत होते. त्यांनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. ते वाकूनच थोडा वेळ श्वास घेत राहिले. सत्तरीला आलेला माणूस. मी म्हणणार होते की राहू द्या आज, तेवढ्यात त्यांनी तिसऱ्यांदा जोर लावला आणि इंजिन सुरू झालं.

तो आवाज मी ओळखत होते. विलास पहाटे गाडी काढायचा तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी त्या आवाजाने किणकिणायची. तो ऐकून मला आनंद मात्र झाला नाही.

इकबालभाई हसतील असं मला वाटलं होतं. ते हँडल खाली टाकून खिडकीपाशी आले आणि दोन्ही हातांनी दार धरून उभे राहिले.

"वहिनी, एक सांगायचंय. हे चालू आहे तोवर सांगतो. बंद झालं तर माझी हिंमत व्हायची नाही."

"काय झालं?"

"त्या दिवशी विलास लगेच गेला नाही."

इंजिन चालू होतं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"घाटात पंख्याचा पट्टा तुटला," ते म्हणाले. "इंजिन तापलं. मी गाडी बाजूला घेतली. गाडी मी चालवत होतो, वहिनी, तो नाही. दुसरा पट्टा जवळ होता, पण तो चढवायला डायनामो ढिला करावा लागतो. त्याचा बोल्ट गंजून बसला होता. मी त्या बोल्टशी झटत होतो. विलास कठड्यावर बसला होता. म्हणाला, छातीत जळजळतंय. सकाळी मिसळ खाल्ली होती दोघांनी. मी म्हटलं, सोडा घेऊ खाली उतरल्यावर."

"किती वेळ?"

"तासभर. जास्तच असेल, कमी नाही."

"घाम आला होता?"

"आला होता. मला वाटलं, उन्हाने."

"हात दुखत होता?"

"चोळत होता."

"कुठला?"

"डावा."

"उलटी?"

"एकदा झाली. म्हणाला, आता बरं वाटतंय."

हे प्रश्न मी नोकरीत किती नातेवाइकांना विचारले असतील. दारात घाबरून उभी असलेली माणसं, आणि मी शांत आवाजात एकामागून एक विचारत जायची. तोच आवाज माझ्या तोंडातून येत होता. मला तो थांबवता येत नव्हता.

"रस्त्यावर कुणीच नव्हतं?"

इकबालभाईंनी मान खाली घातली.

"एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने विचारलं, काका, काही मदत हवीय का? माणगावलाच चालला होता तो." त्यांचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडायला लागला. मला खिडकीतून पुढे वाकावं लागलं. "मी विलासकडे बघितलं. तो म्हणाला, नको, होईल आता. गाडी टाकून कुठे जायचं? मीही म्हटलं, होईल. बोल्ट हलायला लागला होता. टेम्पो गेला. मी पट्टा चढवला, बॉनेट लावलं, वळून म्हटलं, चल. तर तो कठड्याला टेकून…"



"आणि तुम्ही मला सांगितलंत की त्याला कळलंसुद्धा नाही."

"त्यानेच सांगितलं होतं. उलटी झाल्यावर. म्हणाला, इकबाल, शुभदाला यातलं काही सांगू नकोस. ती नर्स आहे, लगेच ओळखेल. मला परत गाडीला हात लावू द्यायची नाही. हसत होता सांगताना. मी म्हटलं, नाही सांगत." त्यांनी दारावरचे हात काढून तोंडावरून फिरवले. तोंडाला ग्रीस लागलं. "मग तो गेलाच. दिलेला शब्द तसाच राहिला. रोज म्हणायचो, उद्या जाऊन सांगतो. तुमच्या दारात ती गाडी बघायचो आणि परत फिरायचो. वाटलं, निदान हे इंजिन एकदा नीट चालू करून द्यावं. मग सांगावं."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. समोर खाडी. ओहोटी लागली होती आणि चिखलात कुणाच्या तरी घराचा पत्रा अर्धा रुतलेला चमकत होता.

मला रडू येईल असं वाटलं, पण राग आला. इकबालभाईंचा नाही. विलासचा. घाम आलेला, डावा हात चोळणारा, उलटी झालेला माणूस, नर्सचा नवरा, ज्याला ही सगळी लक्षणं मी जेवताना शंभरदा सांगितली होती, तो कठड्यावर बसून हसत होता. म्हणे गाडी टाकून कुठे जायचं. त्याला कळलं होतं. पुरेपूर कळलं होतं, म्हणून तर मला सांगू नको म्हणाला. तीन वर्षं मी त्याच्यासाठी फक्त हळहळले होते. त्या दुपारी पहिल्यांदा त्याच्यावर चिडले, आणि तो राग एवढा मोठा होता की दुसऱ्या कुणासाठी उरलाच नाही.

"इकबालभाई," मी म्हटलं, "माड पडलेला बघितला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

त्यांना कळलं नाही. "काय?"

"सुटले असं वाटलं. मला ही गाडी कधीच नको होती. निखिलला वाईट वाटेल, गाव काय म्हणेल, तुम्हाला काय वाटेल, म्हणून पुसत बसले. आणि तुम्ही ती परत माझ्या दारात आणून उभी करायला निघालात."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता, ग्रीसने माखलेला. एवढे दिवस पावसात, चिखलात, बायकोची बोलणी खात त्यांनी जे केलं होतं, ते मी एका वाक्यात नको म्हणाले होते. मला त्याचं वाईट वाटलं. पण खोटं बोलायचं बळ माझ्याकडे नव्हतं.

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. एकदम एवढं शांत झालं की चुलीतल्या ओल्या लाकडाचं चरचरणं ऐकू यायला लागलं.

आम्ही दोघंही तिकडे बघायला लागलो. ताडपत्रीच्या पोटात पावसाचं पाणी साचून ती चुलीवर लोंबत होती. खाली भाभींनी मळून ठेवलेलं पीठ, त्यावर उपडी घातलेली परात.

"चिरे कुठे मिळतात?" मी विचारलं.

"अं?"

"भिंतीसाठी. कुठे मिळतात?"

"वर सड्यावर, डोंगरमाथ्यावर खाण आहे," ते गोंधळून म्हणाले. "पण आणायचे कशातून? सगळे टेम्पो पत्रे आणायला पळतायत. महिनाभर कुणी मोकळा नाही."

मी गाडीतून उतरले आणि मागचं दार उघडलं. "ही मागची सीट निघते ना?"

इकबालभाईंनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वहिनी, पासष्ट वर्षांची गाडी आहे. मागचे स्प्रिंगचे पाटे बसतील."

"बसू देत."

ते अंगणातली अवजारं गोळा करायला लागले. मी घरी गेले आणि भिजलेल्या गादीवर चादर टाकून संध्याकाळीच आडवी झाले. पण सकाळी मी खाली गेले तेव्हा मागची सीट काढून अंगणात ठेवलेली होती आणि इकबालभाई गाडीच्या तळाला पोती अंथरत होते.

सड्यावर जाताना गाडी त्यांनी चालवली. खाणीवरच्या माणसाने आधी गाडी बघितली, मग आम्हाला. "ह्याच्यातून?" त्याने विचारलं.

"ह्याच्यातूनच," मी म्हटलं.

तांबडे, खरबरीत, ओले चिरे. एकेक उचलून आत ठेवताना दाराच्या हिरव्या रंगावर ओरखडे उठत होते. पहिल्या ओरखड्याला इकबालभाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्याला नुसतं बघितलं. त्यानंतर बघणंही सोडलं. गाडीचं बूड खाली आणि नाक वर झालं.

उतारावरून येताना ते पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, जीव मुठीत धरून चालवत होते. आमच्या पाठीमागे चिरे एकमेकांवर घासून कुरकुरत होते. छपरांवरची माणसं हात थांबवून बघत होती. या वेळी माझी मान खाली गेली नाही.

अशा किती खेपा केल्या ते मोजलं नाही. पाटे बसलेच. भाभींचं झालं आणि मग त्यांच्या आळीतल्या आणखी दोघांच्या भिंती त्याच गाडीने आणलेल्या चिऱ्यांच्या झाल्या. निखिल दिवाळीत आला. मी त्याला घाटातलं सगळं सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खाडीकाठी जाऊन इकबालभाईंच्या शेजारी गाडीखाली पाट्यांचं काम करत पडला. गाडी त्यांच्याकडेच राहिली. मला तिच्यात बसायला आता काही वाटत नाही.

पण सांगायची गोष्ट त्या पहिल्या खेपेची. आम्ही अंगणात पोचलो. भाभी चुलीपुढून उठल्या, आत वाकून चिरे बघितले, आणि कमरेला पदर खोचून आल्या. एक चिरा उचलून त्या चालायला लागल्या. इकबालभाई मात्र स्टिअरिंगवरून हात न काढता तसेच बसले होते.

"वहिनी," ते समोर बघत म्हणाले, "तुम्ही मला माफ केलंत का?"

मी कपाळावरचा घाम पुसला. हाताला चिऱ्याची तांबडी माती होती, ती कपाळाला लागली असणार. मला खरंच त्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. शोधायलाही वेळ लागला असता.

"दम लागलाय हो मला, इकबालभाई," मी म्हटलं. "आधी हे उतरवू या."

ते खाली उतरले. मागचं दार उघडलं. चिरा जड होता. त्यांनी एक बाजू धरली, मी दुसरी.